पन्नास आधी, वीस नंतर : असेंब्लीच्या पुस्तकांची गोष्ट

गेल्या रविवारी आतेभावाचा फोन आला. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. "दादा, मायक्रोप्रोसेसरला कुठलं पुस्तक घेऊ? सर म्हणतात लोकल ऑथरचं घ्या, पेपरला पुरतं. सिनिअर म्हणतात गावकर घे. लायब्ररीत हॉल आहे, पण तो ८०८६ चा. आणि पैसे एकाच पुस्तकापुरते आहेत."

उत्तर द्यायला खरं तर अर्धं मिनिट पुरलं असतं. पण मला माझीच तोंडी परीक्षा आठवली आणि मी त्याला म्हटलं, "थांब, शनिवारी सांगतो." त्या शनिवारचा हा लेख.

तर माझी गोष्ट आधी. मी तेव्हा दुसऱ्या वर्षाला होतो आणि अप्पा बळवंत चौकातून एक पातळ, पिवळट कागदाचं गाइड आणलं होतं. मागच्या पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका, सोडवलेली उत्तरं, प्रत्येक आकृती मार्कांच्या हिशोबाने. परीक्षेला उत्तम. तोंडीला बाहेरून आलेल्या सरांनी ८०८५ च्या किटवर एक छोटा प्रोग्रॅम टाकायला सांगितला : ए मध्ये पाच घ्या, बी मध्ये तीन घ्या, बेरीज करा, उत्तर २०५० या पत्त्यावर ठेवा. मी बोटांनी बाइट मारले : ३ई ०५, ०६ ०३, ८०, ३२ ५० २०, ७६. उत्तर आलं ०८. सर खूश. मग त्यांनी विचारलं, "पत्ता वीस-पन्नास आहे, तू पन्नास-वीस का टाकलंस?"

मी म्हटलं, "तसंच असतं सर."

"तसंच का असतं?"

गाइडात एका ओळीची टीप होती की खालचा बाइट आधी लिहावा. का, ते नव्हतं. मी गप्प. सर काही बोलले नाहीत, मार्कही बरे दिले. पण तो प्रश्न तसाच राहिला आणि त्याचं बिल मला पुढे चार वर्षांनी आलं. ते शेवटी सांगतो. आधी जरा मागे जाऊ, कारण चांगलं पुस्तक कुठलं या प्रश्नाचं उत्तर ही पुस्तकं मुळात कशी जन्माला आली त्यात दडलेलं आहे.

सुरुवात मायक्रोप्रोसेसरच्या कितीतरी आधी होते. ६ मे १९४९ ला केंब्रिज विद्यापीठात एडसॅक नावाच्या संगणकाने पहिला प्रोग्रॅम चालवला. मॉरिस विल्क्स हे त्या प्रकल्पाचे प्रमुख, आणि डेव्हिड व्हीलर हा त्यांचा तरुण विद्यार्थी. व्हीलरने ३१ आज्ञांचा एक छोटासा प्रोग्रॅम यंत्रातच बसवून दिला. कागदी पट्टीवर बेरजेसाठी ए, वजाबाकीसाठी एस, साठवणीसाठी टी अशी अक्षरं टोचली की तो प्रोग्रॅम त्यांचे आकडे करून मेमरीत ठेवायचा. आपण आज ज्याला असेंबलर म्हणतो त्याचा हा अगदी लहानपणचा फोटो समजा. (त्याच सुमारास लंडनमध्ये कॅथलीन बूथही आपल्या यंत्रासाठी असंच काम करत होत्या. १९५८ मध्ये त्यांचंही प्रोग्रॅमिंगवर पुस्तक आलं.)

१९५१ मध्ये विल्क्स, व्हीलर आणि स्टॅन्ली गिल या तिघांनी पुस्तक काढलं. प्रोग्रॅमिंग शिकवणारं जगातलं पहिलं छापील पुस्तक म्हणून ते ओळखलं जातं. ते कोणासाठी होतं? संगणकतज्ज्ञांसाठी नव्हे, कारण तेव्हा तसे लोकच जवळपास नव्हते. ते होतं केंब्रिजमधल्या पदार्थविज्ञान, रसायन, जीवशास्त्र करणाऱ्या माणसांसाठी, ज्यांना आपली गणितं यंत्राकडून करून घ्यायची होती. म्हणून त्यात तयार सबरूटीनांचा संग्रह होता, त्या कशा जोडायच्या ते होतं, आणि चुका कशा होतात, कशा शोधायच्या हेही होतं. हे शेवटचं फार महत्त्वाचं. विल्क्स यांनी नंतर आठवणीत लिहून ठेवलं की १९४९ मध्येच एकदा जिना चढता-उतरता त्यांच्या लक्षात आलं की उरलेल्या आयुष्याचा मोठा भाग आपल्याच प्रोग्रॅममधल्या चुका शोधण्यात जाणार आहे. ज्याला हे कळलंय त्याने लिहिलेलं पुस्तक वेगळं असणारच!

आपल्याकडेही हे घडलं. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९५४ पासून रं. नरसिंहन यांच्या गटाने संगणक बांधायला घेतला. १९५६ मध्ये छोटं प्रायोगिक यंत्र चाललं, १९६० मध्ये पूर्ण यंत्र, आणि १९६२ मध्ये नेहरूंनी त्याला टिफ्रॅक हे नाव दिलं. त्या यंत्रावर प्रोग्रॅम लिहिणारा माणूस दुकानात पुस्तक मागायला जाऊच शकत नव्हता. यंत्र एक, ते बांधणारे शेजारच्या खोलीत. प्रश्न पडला की उठून त्यांना विचारायचं. पुस्तकाची खरी गरज तेव्हा लागते जेव्हा यंत्र हजारो होतात आणि बांधणारा शेजारच्या खोलीत नसतो.

ती वेळ आली १९७० च्या दशकात. इंटेलची ४००४ ही चिप १९७१ ची, ८००८ ही १९७२ ची, ८०८० ही १९७४ ची. १९७५ मध्ये मॉस टेक्नॉलॉजीने ६५०२ अवघ्या २५ डॉलरला विकायला काढली. इंटेलमधून बाहेर पडलेल्या फेदेरिको फाजिन यांच्या झायलॉगची झेड-८० ही १९७६ ची, आणि आपली ८०८५ ही त्याच वर्षातली. ८०८० ला तीन वेगवेगळी व्होल्टेज द्यावी लागायची, हिला एकट्या पाच व्होल्टवर भागायचं, म्हणून नावात शेवटी पाच. चिप स्वस्त झाल्या, लोकांच्या घरात आल्या, पण कंपनीची कागदपत्रं होती हार्डवेअरवाल्यांसाठी. पिना, टायमिंगच्या रेघा, तक्ते. प्रोग्रॅम करणाऱ्याने काय वाचायचं?

इथे एक मजेशीर माणूस येतो. ॲडम ऑस्बोर्न. जन्म १९३९ चा, बँकॉकमध्ये, पण बालपण तिरुवण्णामलैला, रमण महर्षींच्या आश्रमाच्या परिसरात. वडील आर्थर ऑस्बोर्न हे महर्षींचे भक्त आणि चरित्रकार. मुलगा मात्र केमिकल इंजिनिअर झाला, अमेरिकेत डॉक्टरेट केली आणि पुढे तांत्रिक कागदपत्रं लिहायच्या धंद्यात पडला. मायक्रोकॉम्प्युटरची ओळख करून देणारं त्याचं पुस्तक प्रकाशकाने नाकारलं, तेव्हा त्याने ते स्वतःच छापलं. इमसाय नावाच्या कंपनीने आपल्या संगणकासोबत ते द्यायचं ठरवलं आणि पुस्तक धडाधड खपलं. त्यातून उभी राहिलेली प्रकाशनसंस्था १९७९ मध्ये मॅकग्रॉ-हिलने विकत घेतली. मग १९८१ मध्ये त्याने उचलून नेता येणारा संगणक काढला, १९८३ मध्ये ती कंपनी बुडाली, आणि २००३ मध्ये तो वारला तो पुन्हा आपल्याकडेच, कोडाईकनालला.

मला ऑस्बोर्न महत्त्वाचा वाटतो तो त्याच्या संगणकापेक्षा पुस्तकांमुळे. त्याच्याच संस्थेने लान्स लेव्हेन्थल यांची असेंब्लीची मालिका काढली. १९७८ मध्ये ८०८०ए-८०८५ साठी, १९७९ मध्ये ६५०२ आणि झेड-८० साठी. पुस्तकांची मांडणी सारखी, प्रोसेसर वेगळा. आधी साधे प्रोग्रॅम, मग लूप, मग अक्षरांचा डेटा, कोडची रूपांतरं, अंकगणित, तक्ते आणि याद्या, सबरूटीन, इनपुट-आउटपुट. प्रत्येक उदाहरणात आधी काय करायचंय, मग नमुन्याचा डेटा आणि अपेक्षित उत्तर, मग फ्लोचार्ट, मग प्रोग्रॅम. आपल्या जर्नलमधले ते 'दोन संख्यांतली मोठी शोधा' आणि 'बाइटचे दोन तुकडे करा' आठवतात? लेव्हेन्थल उघडला की ओळखीचे चेहरे भेटतात. आपण जे प्रयोग म्हणून उतरवून काढले ते कुणीतरी एका विचाराने, पायऱ्या लावून रचलेले होते हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

त्याच काळात रॉडनी झॅक्स यांची सायबेक्सची पुस्तकं आली, ६५०२ वर १९७८ मध्ये आणि झेड-८० वर १९७९ मध्ये. ही घरच्या हौशी माणसासाठी. जाडजूड, पण भाषा हळू चालणारी, एकेक आज्ञा रजिस्टरांच्या चित्रासह समजावणारी. आणि १९८० मध्ये स्टीफन मोर्स यांचं ८०८६ वरचं छोटं पुस्तक आलं. मोर्स हे त्या चिपचं आराखडं ठरवणारे, मूळचे सॉफ्टवेअरचे माणूस. त्यामुळे 'हे असं का केलं' याचं उत्तर थेट करणाऱ्याकडून.

हॉल आणि गावकर ही आपल्याकडच्या कॉलेजांतली दोन आडनावं यानंतरची. डग्लस हॉल यांचं पुस्तक १९८६ चं, ८०८६ वरचं. त्यांचा आग्रह असा की कोड लिहायच्या आधी कृती साध्या भाषेत लिहून काढा. क्रम कुठे, निर्णय कुठे, पुनरावृत्ती कुठे. मगच आज्ञा निवडा. रमेश गावकर यांचं ८०८५ वरचं पुस्तक १९८४ चं. गावकर न्यूयॉर्क राज्यात सिरॅक्यूजच्या ओनोंडागा कम्युनिटी कॉलेजात प्राध्यापक होते. कम्युनिटी कॉलेज म्हणजे दोन वर्षांचे अभ्यासक्रम, हातात सोल्डरिंग गन घेऊन काम करायला निघालेली मुलं. त्यांना हवं ते पुस्तकात आहे : आधी हार्डवेअर, मग प्रोग्रॅमिंग, मग बाहेरची उपकरणं जोडणं. प्रोग्रॅम चालला नाही तर कागदावर आधी काय तपासायचं आणि मग किटवर एकेक पाऊल चालवून रजिस्टर कशी बघायची, हे वेगळं काढून सांगितलेलं. मुंबईच्या पेनरामने त्याची भारतीय आवृत्ती काढली आणि ते आपल्या प्रत्येक कॉलेजच्या लायब्ररीत जाऊन बसलं. गंमत बघा, अमेरिकेतल्या तंत्रज्ञ मुलांसाठी लिहिलेलं पुस्तक इथे विद्यापीठाच्या पेपरसाठी वाचलं गेलं. वाचलं म्हणजे, त्यातले तक्ते झेरॉक्स झाले.

आता एक गोष्ट जी यांपैकी कुठल्याच पुस्तकावर आंधळा विश्वास ठेवू नये म्हणून सांगतो. एका बाइटमध्ये २५६ शक्यता. ८०८५ च्या अधिकृत तक्त्यात २४६ कोड आहेत. उरलेले दहा? गाइडात विषयच नाही. १९७९ मध्ये 'इलेक्ट्रॉनिक्स' या मासिकात दोघांनी लिहून टाकलं की ते दहाही कोड चिपवर व्यवस्थित चालतात. १६ बिटांची वजाबाकी वगैरे कामाच्या गोष्टी त्यात होत्या. पण येऊ घातलेल्या ८०८६ शी जुळवून घेताना त्या अडचणीच्या ठरतील म्हणून इंटेलने त्या छापल्याच नाहीत, असं मानलं जातं. म्हणजे पुस्तक हे यंत्राचं नेहमी कुणीतरी ठरवून काढलेलं चित्र असतं. खरं काय ते यंत्रालाच विचारायचं. म्हणून यंत्राला विचारायला शिकवतं ते पुस्तक चांगलं.

आणि आता पन्नास-वीस.

हे उत्तर मला कुठल्याच पाठ्यपुस्तकात सापडलं नाही, इतिहासात सापडलं. टेक्सासमधल्या सॅन अँटोनियो इथल्या सीटीसी नावाच्या कंपनीने १९७० मध्ये डेटापॉइंट २२०० नावाचं टर्मिनल जाहीर केलं. त्याचा प्रोसेसर एका चिपवर करून द्या असं त्यांनी इंटेलला सांगितलं. चिपला उशीर झाला, सीटीसीने सुट्या भागांतून आपला प्रोसेसर बांधून घेतला आणि ती चिप इंटेलने ८००८ म्हणून बाजारात आणली. त्या मूळ डेटापॉइंटमध्ये काम एकेका बिटाने चालायचं. आपण शाळेत बेरीज कशी करतो? एककापासून, हातचा घेत घेत. यंत्रही तसंच, खालच्या बिटापासून. म्हणून त्याला खालचा बाइट आधी मिळणं सोयीचं. ८००८ मध्ये एकेका बिटाने काम करायची गरज उरली नव्हती, पण आज्ञा त्याच ठेवायच्या म्हणून क्रम राहिला. ८०८० ने तो उचलला, ८०८५ ने उचलला, ८०८६ ने उचलला, आणि आज ज्या लॅपटॉपांत इंटेल किंवा एएमडीचा प्रोसेसर आहे त्यांतही खालचाच बाइट आधी बसतो. एच आणि एल ही रजिस्टरांची नावंही तिथलीच, पत्त्याचा वरचा भाग आणि खालचा भाग. सरांच्या प्रश्नाचं उत्तर इतकं साधं होतं : "सर, हातचा खालून येतो म्हणून."

आता ते बिल. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी गावोगावच्या विजेच्या मीटरमधून आकडे उचलणाऱ्या एका प्रणालीवर काम करत होतो. मीटर मॉडबसवर बोलायचे. पहिल्या दिवशी व्होल्टेज आलं ५८८८०. मी पाहिलं, २५६ ने भागलं तर बरोबर २३० येतंय. वा! कोडमध्ये भागाकाराची एक ओळ टाकली, टेस्ट पास, सगळे खूश. का भागायचं, हे मी स्वतःला विचारलं नाही. 'तसंच असतं.'

तीन महिन्यांनी एका रात्री अडीच वाजता अलार्म वाजला. एका फीडरवर व्होल्टेज ४. तंत्रज्ञ पावसात मोटरसायकलवरून साठ किलोमीटर गेला. तिथे दिवे नुसते चालू नव्हते, भगभगीत चालू होते. व्होल्टेज होतं २६०. लोकांचे पंप आणि फ्रिज जळण्याइतकं, आणि आमचा पडदा सांगत होता की वीजच नाही. मीटर वरचा बाइट आधी पाठवत होता, माझा कोड खालचा आधी धरत होता. २५५ पर्यंत वरचा बाइट शून्य, म्हणून माझा भागाकार चालून गेला. २५६ च्या पुढे गेल्यावर वरचा बाइट एक झाला. २६० म्हणजे ०१ ०४. ते उलटं वाचलं की १०२५, आणि त्याला २५६ ने भागलं की ४. सुदैवाने त्या रात्री कुणाला काही झालं नाही. सकाळी मी तो एका ओळीचा भागाकार काढला, बाइटांचा क्रम बदलला, आणि तंत्रज्ञाला फोन करून माफी मागितली. तो म्हणाला, "साहेब, आकडा चुकतो कधीकधी." पण आकडा चुकला नव्हता. पन्नास-वीस का, हे मला जिथे विचारलं गेलं होतं तिथे मी उत्तर शोधलं नव्हतं.

असो. आतेभावाला मी जे सांगितलं ते असं :

पुस्तक घेताना आधी बघ की ते कोणासाठी लिहिलंय. गाइड हे परीक्षकासाठी लिहिलेलं असतं, तू फक्त मधला हमाल. दुकानात उभं राहून कुठलाही एक प्रोग्रॅम उघड. प्रोग्रॅमच्या आधी मेमरीत काय होतं आणि नंतर काय असेल हे दिलंय का? नसेल तर ठेवून दे. मग चुका शोधण्यावर एखादं तरी प्रकरण आहे का ते बघ. नसेल तर लेखकाने स्वतः किट बडवलेलं नाही असं समज. आणि एका पुस्तकात एकच प्रोसेसर असू दे. ८०८५, ८०८६ आणि ८०५१ तिन्ही दोनशे पानांत देणारा माणूस तिन्हींचे फक्त तक्ते देणार.

तुझा पेपर ८०८५ चा, तर गावकर घे. जुनी आवृत्तीही चालेल, चिप बदललेली नाही. पुढे ८०८६ आला की हॉल लायब्ररीतून आण. लेव्हेन्थल जुन्या पुस्तकांत मिळाला तर पैशाकडे बघू नकोस. किट घरी नसेल तर सिम्युलेटर घे, पण पहिले दहा प्रोग्रॅम हाताने, तक्ता बघून, बाइट लिहून कर. कंटाळा येईल. येऊ दे.

आणि हो, ही चिप जुनी म्हणून हसू नकोस. १९९७ मध्ये मंगळावर उतरलेल्या सोजर्नर या छोट्या गाडीत याच ८०८५ ची, कमी वीज खाणारी बहीण होती. उद्या तू आर्म शिकशील, रिस्क-फाइव्ह शिकशील. आज्ञा बदलतील. मेमरीत कुठला बाइट कुठे बसला हे स्वतः डोळ्यांनी बघायची सवय बदलणार नाही.

त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "दादा, गावकर घेतो. पण गाइडही मित्राकडून झेरॉक्स करतो हां. पेपर पण आहे ना."

म्हटलं, कर बाबा. मीही केलं होतं. फक्त त्यात जिथे नुसती टीप दिसेल तिथे समासात एक प्रश्नचिन्ह काढ, आणि उत्तर मिळेपर्यंत ते खोडू नकोस.